आत्याची वही आणि पेपरातली परीक्षणं

आत्याची_भाची

मंडळी, गेल्या महिन्यात आत्याचं नारायण पेठेतलं घर रिकामं केलं. साड्यांच्या खाली दोनशे पानी पाच वह्या सापडल्या. १९६९ ते १९९४ एवढ्या काळात पाहिलेल्या प्रत्येक नाटकाची नोंद त्यात आहे. तारीख, थिएटर, खुर्ची नंबर, तिकिटाचे पैसे, जाहिरातीत छापलेला असेल तर प्रयोग क्रमांक, कुणाच्या जागी कोण उभं राहिलं, आणि खाली दोन-तीन ओळी. त्याहून जास्त कधीच नाही. आत्या टेलिफोन खात्यात होती. थोडक्यात बोलायची सवय तिथलीच असावी.

वह्यांबरोबर एक बॉक्स फाईल निघाली, पेपरातल्या परीक्षणांच्या कात्रणांनी भरलेली. गंमत अशी की कात्रणं नाटक पाहून झाल्यावर कापलेली आहेत. मागे तिने पेन्सिलीने तारीख घातलीय, आणि ती दर वेळी प्रयोगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची. म्हणजे पेपर जपून ठेवायची, नाटक बघून यायची आणि मग परीक्षण वाचायची. काही कात्रणांच्या समासात तिचे शेरे आहेत. 'हे कधी झालं?' हा शेरा सात ठिकाणी आहे. 'बरोबर' दोन ठिकाणी.

सध्या रोज रात्री वही आणि फाईल शेजारी ठेवून वाचते. परीक्षणांचा साचा आपल्याला पाठ आहे. आधी लेखकाची कारकीर्द, मग कथानक, मग दिग्दर्शन, मग एकेका नटाला एकेक विशेषण आणि शेवटी 'नेपथ्य व प्रकाशयोजना अनुरूप'. आत्या कुठूनही सुरू होते. नमुने देते.

'अश्रूंची झाली फुले' (लाल्या म्हणजे त्यातला वांड विद्यार्थी): "लाल्या आला. शिट्ट्या. पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. मलाही नको होती."

'घाशीराम कोतवाल', १९७४, म्हणजे थिएटर अकॅडमीने परत सुरू केलं तेव्हाचं: "ब्राह्मणांची रांग पाठ फिरवून उभी राहते तेव्हा मागे काय चाललंय ते दिसत नाही, आणि म्हणूनच सगळं कळतं. शेजारचे गृहस्थ तावातावाने उठून गेले. टोपी खुर्चीवरच राहिली."

'महानिर्वाण', भरत नाट्य मंदिर: "हसले. घरी आल्यावर वाईट वाटलं. दादांना जाऊन आठ महिने झालेत. पण हसले."

दादा म्हणजे माझे आजोबा. नाटकात भाऊराव मेलाय आणि स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतोय, जुन्याच स्मशानात न्या म्हणून अडून बसलाय. याच नाटकाचं कात्रणही फाईलमध्ये आहे, त्यात 'मध्यमवर्गीय मृत्युविधींचा उपहास' वगैरे बरंच आहे. चुकीचं एकही वाक्य नाही. पण आत्याच्या चार वाक्यांजवळ ते जात नाही.

तर धागा यासाठी: तुम्ही पाहिलेलं नाटक आणि परीक्षणात वाचलेलं नाटक यांत असा फरक कधी जाणवला का? कोण बरोबर होतं?

---

तिसरी_घंटा

वहीचे फोटो टाका ना. आणि तिकिटांचे दरही लिहा, रडायला बरं पडेल.

---

शनिवार_वाड्याच्या_मागे

लेखन छान, पण एक शंका आहे. जुनी वही निघाली की त्यातलं सगळं खरं आणि पेपरवाले कोरडे, असं धरून चाललोय का आपण? आत्याबाईंनी त्या रात्री घरी येऊन लिहिलं म्हणून ते ताजं आहे. आपल्यासारखे लोक ४० वर्षांनंतर जे 'आठवतं' म्हणून सांगतात त्याचं काय? आमच्याकडे प्रत्येक लग्नात एक काका सांगतात की त्यांनी 'सखाराम बाइंडर'चा पहिला प्रयोग पाहिला. काकांचा जन्म १९६४ चा आहे. नाटक आलं १९७२ मध्ये. आठ वर्षांच्या मुलाला असलं प्रौढांचं नाटक, त्यातली चंपा बघायला कोण घेऊन गेलं असेल?

---

आत्याची_भाची

@शनिवार_वाड्याच्या_मागे, हसले. पण मुद्दा अगदी बरोबर, आणि त्याचा पुरावा माझ्याच घरात आहे.

आमच्या घरात सगळ्यांना 'नटसम्राट' आठवतं ते डॉ. श्रीराम लागूंचं, म्हणजे त्यांनी केलेले बेलवलकर. बाबा तर ते कसे उभे राहायचे, आवाज कुठे खाली आणायचे, हे करून दाखवायचे. वहीत नोंद मिळाली. आत्या, बाबा, आई, तिघांची तिकिटं एका ओळीतली, आणि आत्याच्या अक्षरात: "बेलवलकर - दत्ता भट. लागू नाहीत म्हणून दादाने (म्हणजे माझ्या बाबांनी) तोंड वाकडं केलं. दुसऱ्या अंकानंतर काही बोलला नाही." पाचही वह्या चाळल्या. हे तिघं मिळून लागूंच्या प्रयोगाला गेल्याची नोंद कुठेच नाही.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "वही चुकली असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दत्ता भटांचा आवाज जाड होता, नाही?"

म्हणजे बघितलं एकाला आणि आठवणीत बसवलं दुसऱ्याला. मधल्या काळात कॅसेट, टीव्हीवरचे तुकडे, लोकांच्या नकला, सगळं येऊन त्या संध्याकाळवर चढलं. दत्ता भटांवर अन्यायच झाला म्हणायचा, आणि तो आमच्याच घरात.

---

जुना_परीक्षक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. विषयच तसा आहे.

मी एका जिल्हा दैनिकात १४ वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिली. नोकरी दुसरीकडे, हे काम मानधनावर. मानधनाचा आकडा सांगत नाही, आमची सौ. हा धागा वाचते. कामाची पद्धत अशी. शुभारंभाचे दोन पास यायचे, तिसऱ्या रांगेतले. नाटक साडेनऊचं, सुरू व्हायचं दहाला, संपायचं एकला. दुसऱ्या दिवशी ऑफिस. संध्याकाळी सहापर्यंत ४०० शब्द द्यायचे, कारण पुरवणीचं पान आठला लागायचं. ४०० चे छापताना २८० व्हायचे, कारण खाली साबणाची जाहिरात आली. आणि कापायचे नेहमी शेवटून. तो 'नेपथ्य व प्रकाशयोजना अनुरूप' साचा त्यातून आलाय हो. शेवटचा परिच्छेद उडणार हे माहीत असल्यामुळे महत्त्वाचं सगळं वर घ्यायचं आणि ज्यांचं नाव राहिलं तर ते भेटल्यावर रुसतील त्यांना खालच्या एका ओळीत उरकायचं.

एकदा एका नाटकाबद्दल 'उत्तरार्ध रेंगाळतो' एवढंच लिहिलं. दोन दिवसांनी आमच्या जाहिरात खात्याला निर्मात्याचा फोन. पुढचे तीन महिने त्या संस्थेचे पास आले नाहीत. मी तिकीट काढून गेलो, आणि उत्तरार्ध २० मिनिटांनी कमी केलेला होता. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आत्याबाईंच्या नोंदींना मी हात जोडतो. पण त्यांच्या आणि आमच्या कामात एक फरक आहे. त्यांना हसू आलं तर हसू आलं लिहून भागतं. मला त्या हशाचं कारण द्यावं लागतं, आणि तेही उद्या संध्याकाळी सहाच्या आत. शिवाय माझं मत चुकलं तर ते छापून राहतं. प्रेक्षकाची आठवण वर्षागणिक सुधारत जाते, वर कुणीतरी बाइंडरवाल्या काकांचं उदाहरण दिलंच आहे. माझी २८० शब्दांची चूक मात्र ग्रंथालयात बांधून ठेवलेली आहे, कुणीही काढावी आणि मला दाखवावी. दाखवतातही.

सगळे परीक्षक असे धावपळीत लिहीत होते असंही नाही. माधव मनोहरांचं वाचन एवढं अफाट की मराठी नाटकाचं इंग्रजी मूळ ते हां हां म्हणता काढून दाखवत. कित्येक लेखकांची त्यांच्या नावाने झोप उडत असे. पुण्यात वि. भा. देशपांडे पुढे मराठी नाट्यकोश घेऊन बसले. मुंबईत ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी, पुष्पा भावे. यांचं पटो न पटो, वाचल्याशिवाय राहवत नसे. कमलाकर नाडकर्णींचं परीक्षण आलं की आमच्या नाट्यमंडळात ते मोठ्याने वाचलं जाई. अर्धे खूश, अर्धे चिडलेले.

---

शनिवार_वाड्याच्या_मागे

@जुना_परीक्षक, माधव मनोहरांचं नाव काढलंत म्हणून विचारतो. एखाद्या नाटकाचं मूळ इंग्रजीत सापडलं, तर त्या रात्री हसलेल्या माणसाचं काय बिघडतं? त्याचं हसू परत घ्यायचं का?

---

जुना_परीक्षक

हसणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्याच्या नावावर नाटक आहे त्याचं बिघडतं, आणि बिघडायला हवं. 'मूळ कल्पना अमुकची' अशी एक ओळ जाहिरातीत घालायला पैसे पडत नव्हते. हे सांगणं प्रेक्षकाच्या वहीचं काम नाही, परीक्षकाचंच. कुणीतरी तेवढी पुस्तकं वाचलेली असायला हवीत ना.

---

विंगेतला

मी ३० वर्षं लाइटवर होतो. आधी डिमर (उजेड कमी-जास्त करायचे दांडे) ओढले, मग बटणं दाबली. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. भाची ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलीय आणि पुढे सोडून दिलीय: प्रयोग क्रमांक.

परीक्षक बघतो तो पहिला प्रयोग. आमच्या भाषेत ती शेवटची रंगीत तालीम, फक्त तिकीट लावून. सेट कालच उभा राहिलेला, दार अडकतंय, नटाला कळत नाहीये हशा कुठे येणार आणि हशा आल्यावर किती थांबायचं. एका शुभारंभाला माझा स्पॉट चुकीच्या खुर्चीवर पडला. नट बिचारा वाक्य बोलत बोलत उजेडात चालत गेला. परीक्षणात आलं की 'व्यक्तिरेखेची अस्वस्थता त्या येरझारांतून सूचक रीतीने व्यक्त होते'. दिग्दर्शकाने ती हालचाल पुढे कायम केली!

नाटक बसतं पंचविसाव्या-तिसाव्या प्रयोगाला. शंभराव्याला चांगलं मुरलेलं असतं. तीनशेव्याला नटांनी पदरची वाक्यं घालून १५ मिनिटं वाढवलेलं असतं, आणि लेखक आला की तेवढ्यापुरतं परत आखूड होतं. दौऱ्यावर अजून वेगळं. सांगलीत भावे नाट्यगृहात जो प्रयोग व्हायचा तो दुसऱ्या दिवशी एखाद्या साखर कारखान्याच्या मैदानावर होत नाही. तिथे मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून हळवा प्रसंगसुद्धा ओरडून करावा लागतो.

म्हणून 'कोण बरोबर' हा प्रश्नच मला कळत नाही. दोघांनी वेगळी नाटकं बघितली. नाव एक होतं, एवढंच. ताई, एक करा. आत्यांच्या ज्या ज्या नोंदीत प्रयोग क्रमांक आहे त्या काढा आणि 'हे कधी झालं?' हा शेरा कुठे कुठे आहे ते बघा.

---

तिसरी_घंटा

विंगेतले दादा, चुकीच्या खुर्चीचा किस्सा अफाट आहे. नाटकाचं नाव?

---

विंगेतला

नाव सांगत नसतात.

---

वर्धेकाठची

'वाडा चिरेबंदी'बद्दल लिहिते. आमच्या विदर्भातलं नाटक, एलकुंचवार आमचे. पण पहिल्यांदा उभं राहिलं मुंबईत, १९८५ मध्ये, विजया मेहतांनी केलं. मी पाहिलं नंतर, नागपूरला धनवटे रंगमंदिरात, आईबरोबर.

तोवर त्याच्यावर बरंच वाचलं होतं. सरंजामशाहीचा अस्त, एकत्र कुटुंबाचं विघटन, ग्रामीण ब्राह्मणांची कूळकायद्यानंतरची अवस्था. कॉलेजात होते, सगळं अधोरेखित करून गेले होते. पडदा पडल्यावर आईला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "त्या वहिनीनं दागिने अंगावर घातले तेव्हा मला माह्या सासूच्या पाटल्या आठवल्या. तेराव्याला विकल्या होत्या." मला हे माहीतच नव्हतं. आमच्या आजोबांच्या तेराव्याला गावजेवण घातलं होतं एवढंच ऐकलं होतं. पैसे कुठून आले ते त्या रात्री सीताबर्डीच्या बस स्टॉपवर उभं राहून कळलं.

नाटकातले देशपांडे नेमकं तेच करतात. वडील गेलेत, घरात दमडी नाही, पण तेरावं घराण्याच्या इतमामाने झालं पाहिजे. म्हातारी दादी सारखी वेळ विचारत बसते, तेव्हा आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच उत्तर दिलं, "साडेदहा." कुणी हसलं नाही.

आता खरं सांगू? परीक्षणं चुकली नव्हती. विघटन म्हणतात ते या पाटल्याच ना. पण आईला तो शब्द दिला असता तर ती गप्प बसली असती. नाटकाने तिला बोलतं केलं.

पुढे १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींनी 'वाडा', 'मग्न तळ्याकाठी', 'युगान्त' अशी सलग आठ-नऊ तासांची नाट्यत्रयी केली ती मात्र पाहायची राहिली. तिच्याबद्दल माझं मत परीक्षणं वाचूनच झालंय. आणि ते इतकं ठाम आहे की कधी कधी वाटतं, पाहिलीच होती.

---

शनिवार_वाड्याच्या_मागे

@वर्धेकाठची, शेवटची दोन वाक्यं प्रामाणिक. आमचे काका असेच सुरू झाले असणार.

---

मेल्या_गप_रव

सगळे गंभीर झालेत म्हणून आमचं 'वस्त्रहरण' मधे आणतंय. १९८० सालचं. गंगाराम गवाणकरांचं लेखन आणि मच्छिंद्र कांबळींचो तात्या सरपंच. गावातली मंडळी महाभारताचं नाटक बसवतात आणि त्याचा बट्ट्याबोळ होतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीचे प्रयोग पडले होते. मालवणी बोलीतलं अख्खं नाटक मुंबईत कोण बघणार, असं वाटायचं लोकांना. बंद करायच्या बेतात होते. मग पु. ल. देशपांडे येऊन बघून गेले आणि त्यांनी पत्र लिहिलं. आपल्याला यात एखादी बारकी भूमिका मिळायला हवी होती, अशा अर्थाचं. ते पत्र जाहिरातीत गेलं आणि पुढे हाऊसफुल्लचे बोर्ड. पाच हजारांवर प्रयोग झाले आणि लंडनही गाठलं.

आता सांगा, पु. ल. परीक्षक की प्रेक्षक? मी म्हणतंय प्रेक्षक. पोट धरून हसलो आणि घरी जाऊन कागद घेतला. फरक इतकोच की त्यांच्या कागदाखाली सही पु. लं.ची होती. माझ्या बापसाने पण तेवढंच हसून घेतलं होतं शिवाजी मंदिरात, त्याच्या हसण्याची जाहिरात कुणी केली नाही.

---

जुना_परीक्षक

@मेल्या_गप_रव, हे आम्हा मंडळींना टोचणारं उदाहरण आहे, आणि योग्य ठिकाणी टोचतं. फार्स म्हटला की आमची लेखणी आखडायची. 'निखळ करमणूक' असा एक शब्दप्रयोग ठेवला होता त्यासाठी. त्याचा खरा अर्थ 'मी हसलो पण कबूल करणार नाही'. हजार माणसं एकाच क्षणी हसवायला किती मोजून-मापून काम लागतं ते आम्ही लिहीतच नव्हतो. विंगेतल्या दादांना विचारा.

---

विंगेतला

फार्सला लाइटवर सगळ्यात जास्त ताण. अर्धा सेकंद उशिरा ब्लॅकआउट दिला तर हशा मेला. शोकांतिकेत दोन सेकंद इकडे-तिकडे चालतात, लोकांना वाटतं मुद्दाम केलंय.

---

गिरणगावकर

मी 'अधांतर' सांगतो. १९९७. लेखक जयंत पवार, म्हणजे स्वतः परीक्षणं लिहिणारा माणूस, आणि गिरणगावातच वाढलेला. दिग्दर्शक मंगेश कदम. १९८२ चा संप, अडीच लाख गिरणी कामगार, आणि त्यानंतर एका खोलीत काय काय झालं ते.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, संपात घरी बसले ते बसलेच. त्यांना परळला दामोदर नाट्यगृहात घेऊन गेलो. मी बँकेत लागलो होतो तेव्हा, मोठ्या कौतुकाने पुढची तिकिटं काढली. मध्यंतरात वडापाव खाताना म्हणाले, "आपल्याच खोलीतलं आहे सगळं. तिकीट कशाला काढलंस?" मला राग आला. मी पेपरातलं वाचून गेलो होतो, महत्त्वाचं सामाजिक नाटक वगैरे, आणि हे असं बोलतायत.

दुसऱ्या अंकात नरूचं प्रकरण पुढे जातं, पोरगा गुंडांत शिरलेला. वडिलांनी खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता. आमच्या चाळीत असा एक होता, त्याचं नाव लिहीत नाही. घरी येईस्तोवर काही बोलले नाहीत. नंतर पंधरा दिवसांनी आईला म्हणाले, "ज्योती सुभाष म्हणून बाई होती, तिने भांडी आपटली ती बरोबर तुझ्यासारखी आपटली."

हे झालं त्यांचं परीक्षण. एक वाक्य. मी अजून त्याच्याएवढं नेमकं काही वाचलेलं नाही. पण हेही खरं, पेपरात वाचलं नसतं तर मी त्यांना घेऊन गेलोच नसतो.

---

आत्याची_भाची

@गिरणगावकर, भांडी. _/\_

---

मांडवीतीर

गोव्याहून. आमच्याकडे परीक्षण हा प्रकारच वेगळा होता, म्हणून लिहितो. 'नटसम्राट' आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आणली दि गोवा हिंदू असोसिएशनने, ती संस्था मुंबईतल्या गोवेकरांची. तो अभिमान आम्हाला आहेच. पण मी स्वतः 'नटसम्राट' पहिल्यांदा पाहिलं ते फोंड्याजवळच्या आमच्या देवळाच्या उत्सवात. पालखी फिरून आल्यावर रात्री बाराला नांदी, उजाडताना पडदा. गणपतराव बेलवलकर झाले होते आमचे पोस्टमास्तर. नटी बाहेरून बोलावलेली. दर दोन प्रवेशांनंतर कुणाच्या तरी नावाने बक्षिसाची घोषणा, मग नाटक पुढे.

नंतर मुंबईला गेलो, नाटकावरची चर्चा वाचली. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी नातं, भाषा फार काव्यमय, प्रसंग फार भावनाविवश, असे आक्षेप. मला काही केल्या कळेना. माझ्या डोक्यात घर मागणारा म्हातारा म्हणजे पोस्टमास्तर, आणि त्यांचा मुलगा खरोखरच दुबईहून पत्र पाठवत नव्हता. सगळ्या गावाला ते ठाऊक. ते भाषण सुरू झालं की बायका पदर तोंडाशी न्यायच्या, त्या बेलवलकरांसाठी नव्हे.

अशा प्रयोगाचं परीक्षण कोण करणार? दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर व्हायचं. ते मात्र निर्दय. "दुसऱ्या अंकात दोन पानं खाल्ली मास्तरांनी." पुस्तक घेऊन बसलेले लोक होते आमच्याकडे.

---

पार्सिपनी_लोकल

इथे न्यू जर्सीत वर्षातून एक-दोन नाटकं येतात. शाळेचं ऑडिटोरियम, सेट म्हणजे दोन खुर्च्या आणि मागे छापील पडदा, सात जणांचं काम पाच जण करतात. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवतो. नंतर पुण्यातला भाऊ फोनवर म्हणतो, ते नाटक? अगदीच सुमार. माझी वही असती तर मी लिहिलं असतं: "समोशाच्या रांगेत शेजारच्या टाऊनमधले साताऱ्याचे कुटुंब भेटले." नाटक कसं होतं ते खरंच आठवत नाही.

---

रो_एम_सीट_नऊ

वय २४, त्यामुळे मला वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचून नाटकाला गेल्याचं आठवत नाही. आमच्याकडे रील येतात. प्रयोग संपतो, बाहेर कुणीतरी मोबाईल समोर धरतं, "कसं वाटलं?", सगळे म्हणतात "अप्रतिम, चुकवू नका". वाईट वाटलेल्याचा व्हिडिओ कोण टाकेल? बुकमायशोवर सगळ्याच नाटकांना वरचे आकडे. म्हणजे आता सगळे प्रेक्षकच बोलतायत, परीक्षक जवळपास उरले नाहीत, आणि तरी मला काही कळत नाहीये की तिकिटाचे ५०० रुपये कुठे घालू.

'चारचौघी' नव्याने आलं तेव्हा आई घेऊन गेली. तिने १९९१ चं पाहिलं होतं, वंदना गुप्तेंचं. फोनवरचा मोठा प्रसंग मुक्ता बर्वे करत होती आणि मी तिच्यात पूर्ण अडकले होते, आणि आई माझ्या कानात, "वंदना इथे थांबायची." प्रत्येक ठिकाणी! शेवटी मी म्हटलं, आई, मला हिचं बघू दे. बाहेर आल्यावर आईने कबूल केलं की कुठे थांबायची ते तिला नक्की आठवत नव्हतं. थांबायची एवढं आठवत होतं.

@आत्याची_भाची, आत्यांनी एकच नाटक दोनदा पाहिलं असं आहे का वहीत?

---

जुना_परीक्षक

@रो_एम_सीट_नऊ, ५०० रुपये कुठे घालू हे सांगणं एवढंच आमचं मूळ काम होतं, बाकी सगळा पसारा. तुमचं वाचून आज बरं वाटलं, थोडं वाईटही.

---

आत्याची_भाची

उशीर झाला उत्तराला, वह्या परत नीट लावत होते.

आधी @विंगेतला यांचं काम. 'हे कधी झालं?' हा शेरा सात कात्रणांवर आहे. त्यातल्या पाच नाटकांचे प्रयोग क्रमांक वहीत मिळाले: ४१, ११२, ६७, २०३ आणि ९. पाचही परीक्षणं शुभारंभाची. नवव्या प्रयोगाचं मात्र कळलं नाही. इतक्या लवकर बदललं असेल, की परीक्षक झोपला होता, की आत्या? आत्याने त्याच नोंदीत लिहिलंय, "शेजारच्या बाई घोरत होत्या. मी नाही." त्यामुळे संशयाला जागा आहे.

'बरोबर' लिहिलेली दोन कात्रणं आहेत. पैकी एकात परीक्षकाने एका दुय्यम भूमिकेतल्या बाईंबद्दल एकच ओळ लिहिलीय, की त्या ऐकताना जास्त चांगला अभिनय करतात. आत्याच्या वहीत त्याच नाटकाखाली: "मोलकरीण झालेली बाई. सगळे बोलत होते, मी तिच्याकडेच बघत होते." @जुना_परीक्षक, हे तुमच्यासाठी. त्या पेपरात ती ओळ शेवटच्या परिच्छेदात होती आणि कापली गेली नव्हती.

आणि हो, दोनदा पाहिलेली बरीच आहेत. 'महानिर्वाण'सुद्धा. दुसरी नोंद काही वर्षांनंतरची आहे, थिएटर वेगळं, तिकीट दुप्पट. लिहिलंय:

"मागच्या वेळी जास्त हसले होते असं वाटतं. शेवटी बरंच काही कापलंय. आत जाऊन विचारलं. काही कापलेलं नाही म्हणाले."